एक झाड बुडवणे आहे

गळतीसाहेबांना एक झाड बुडवायचं होतं. या जगात काय काय बुडतं! धंदे बुडतात, ठेवी बुडतात, शाळेचे तास तर बसल्याजागी बुडतात. पण एखादी वस्तू आपणहून, विचारपूर्वक, सगळ्यांच्या परवानगीने बुडवायला गेलं की ती किती नखरे करते, हे ज्याने करून पाहिलं त्यालाच कळतं.

गळतीसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. इमारतींची गळती बंद करून देणाऱ्या एका कंपनीत ते देखरेखीचं काम करत, म्हणून इमारतीतल्या लोकांनी त्यांना हे नाव दिलं आणि त्यांनीही ते पदवीसारखं स्वीकारलं. गच्च्या, टाक्या, न्हाणीघरं. त्यांच्या हाताखालून गेलेली जागा पुन्हा पाझरली असं कधी झालं नव्हतं. घरीही तोच खाक्या. एकदा दमट हवेत मिठाच्या डबीची भोकंसुद्धा त्यांनी चिकटपट्टी लावून बंद केली होती. त्या दिवशी सगळं घर अळणी जेवलं, पण मीठ मात्र कोरडं राहिलं.

या घरात त्यांचे सासूबाईंशी संबंध अत्यंत आदराचे होते, म्हणजे दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. सासूबाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सासरे गेल्यावर लेकीकडे राहायला आल्या त्या दोन बॅगा आणि एक गळाची काठी घेऊन. काठी सासऱ्यांची. ते जन्मभर सुटीच्या दिवशी गावाबाहेरच्या तळ्यावर मासे धरायला बसायचे आणि या शेजारी बसून पेपर तपासायच्या. ते गेल्यावर पेपरही नव्हते आणि तेही नव्हते, तेव्हा सासूबाईंनी काठी स्वतःच हातात घेतली. सकाळी डोक्याला रुमाल बांधून, घडीचं स्टूल काखेत मारून त्या निघायच्या आणि दुपारी चेहऱ्यावर ऊन घेऊन परत यायच्या. मासा लागला तर त्याला नीट पाहायच्या आणि परत पाण्यात सोडायच्या.

त्यांची भाषा म्हणजे मुख्यतः 'बरं' हा एक शब्द. तुटक 'बरं' म्हणजे विषय संपला. लांबवलेलं 'बरं' म्हणजे तुमचं चुकतंय, पण चालू द्या. आणि 'बरं आहे' हे सर्वोच्च प्रशस्तिपत्र. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते गळतीसाहेबांच्या वाट्याला एकदाच आलं होतं, आणि तेही त्यांना नव्हे, त्यांनी आणलेल्या छत्रीला.

तर एके सकाळी चहा पिताना सासूबाई म्हणाल्या, "हा मोसम संपला की ती काठी माळ्यावर टाका."

गळतीसाहेबांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. कारण त्या घरात माळ्यावर गेलेली वस्तू परत खाली आल्याचा दाखला नव्हता. एक शिवणयंत्र वर गेलं ते गेलंच. बायकोची पेटी वर गेली आणि तिच्यामागून बायकोचं गाणंही गेलं.

"का हो, आई?"

"मासाच नाही. अख्खा मोसम चालला, एकदाही बूच हललं नाही." बूच म्हणजे दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं. मासा लागला की ते खाली ओढलं जातं. "तळं साफ केलं ना त्या लोकांनी. तळ ताटासारखा सपाट केला. आमच्या जागेसमोर पाण्याखाली एक जुनं झाड पडलेलं होतं, तेही काढून नेलं. आता मासे राहणार कुठे? मासा काय, माणूस काय, आडोसा लागतोच."

एवढं बोलून त्या उठल्या आणि आपल्या जागेत गेल्या. त्यांची जागा म्हणजे हॉलच्या कोपऱ्यात कपाट आडवं लावून केलेलं दीड खाटेचं राज्य. गळतीसाहेबांनी त्या कपाटाच्या पाठीकडे पाहिलं. काठी माळ्यावर गेली की सासूबाई या कपाटामागे जाऊन बसणार, आणि मग त्यांना तिथून बाहेर काढेल असं काही उरणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं. माणूस तसा हळवा. फक्त तो हळवेपणा कुठून बाहेर पडू नये याची त्यांनी चोख व्यवस्था केलेली होती.

त्यांनी ठरवलं, तळ्यात झाड परत बसवायचं. खरं झाड कुजतं. त्यामुळे प्लास्टिकच्या पाइपांचं करायचं: खाली बादलीभर सिमेंट, त्यात रोवलेला एक जाड पाइप खोड म्हणून, आणि त्याला चहूबाजूंनी फांद्या. कामावर उरलेल्या पाइपांचे तुकडे ढिगाने पडलेले होते. बादली घरातूनच घेतली. ती आंघोळीची होती, हे दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं आणि त्यानंतर त्या घराने बरेच दिवस पातेल्याने आंघोळ केली.

"अहो, नवी बादली आणा ना," बायको म्हणाली.

"आणतो. आधी हे झाड लागू दे."

झाड गॅलरीत वाढू लागलं तसे शेजारीही उगवू लागले. त्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणजे उंटावरचे शहाणे. ते कठड्यावरून वाकून सल्ले टाकत, जशी काही खाली टपालपेटीच ठेवली आहे. पहिल्या दिवशी म्हणाले, फांद्या कमी पडतात. दुसऱ्या दिवशी म्हणाले, जास्त झाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "माशांना कुठला रंग आवडतो, चौकशी केलीत का?" शेजारच्या बाईंचं म्हणणं, पाइपाला प्लास्टिकची पानं लावावीत, म्हणजे माशांना करमेल. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी झाडाकडे बराच वेळ पाहिलं आणि गळतीसाहेबांना झोप नीट लागते का, असं विचारलं.

सासूबाई एकदाच आल्या. त्यांनी फांद्यांवरून हात फिरवला, सिमेंटवर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "पाइपांना भोकं पाडणार ना?"

गळतीसाहेब ताठ झाले. उभं आयुष्य त्यांनी भोकं बुजवण्यात घातलं होतं. कामावर ड्रिल त्यांच्या हातात असे, नाही असं नाही, पण ज्या भोकात लगेच काहीतरी भरायचं नाही असं भोक त्यांनी कधी पाडलं नव्हतं. "आई, मी केलेल्या कामाला भोक?" ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "उलट प्रत्येक फांदीला टोपी बसवणार आहे. आत थेंब जाणार नाही."

"बरं...," सासूबाई म्हणाल्या. ते लांबवलेलं होतं, पण साहेब तेव्हा पाइप चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा उघडत होते.

आणि खरोखर, काय टोप्या बसवल्या त्यांनी! प्रत्येक टोक घासलं, पुसलं, सोल्यूशन लावलं, टोपी पिळून बसवली, वर पुन्हा एक लेप दिला आणि फुंकर मारून वाळवला. सासूबाई कपाटाच्या कडेने बघत उभ्या होत्या. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

आता परवानगी. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, तसं तळ्याच्या कार्यालयाशीही करू नये. तिथल्या साहेबांनी झाडाचा फोटो आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला.

"तळ्यात वस्तू टाकायला बंदी आहे."

"टाकायची नाही साहेब, ठेवायची आहे."

"मग ते अतिक्रमण झालं. राहणार कोण त्यात?"

"मासे."

"त्यांची काही तक्रार आलीय का आमच्याकडे?" साहेबांनी विचारलं. त्यात थट्टा अजिबात नव्हती. तळ सपाट करण्याचं काम त्यांच्याच देखरेखीखाली झालं होतं आणि तो सपाटपणा त्यांना पोटच्या पोरासारखा प्रिय होता. गळतीसाहेबांना हे समजलं. आपल्या कामाला कुणी बोट लावलं की काय वाटतं, हे त्यांना दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले, "साहेब, तळ अप्रतिम झालाय. इतका सपाट तळ मी फक्त गच्चीवर पाहिलाय. त्याला ओरखडासुद्धा येणार नाही, माझा शब्द."

साहेब विरघळले. पण नियम विरघळत नाहीत. शेवटी बराच विचार करून त्यांनी वाट काढली. यंदा कार्यालयाला वृक्षारोपणाचं उद्दिष्ट दिलं होतं आणि ते पुरं होत नव्हतं. "हे झाडच आहे ना? मग वृक्षारोपणात घेऊ. फक्त एक अट आहे. झाड जगवायची जबाबदारी तुमची. मोसमाच्या शेवटच्या दिवशी मी स्वतः पाहणीला येणार. झाड जिवंत दिसलं नाही, तर काढून न्यायचं."

गळतीसाहेब घरी आले तेव्हा ते एका प्लास्टिकच्या झाडाचे कायदेशीर पालक झाले होते.

झाड खाली न्यायच्या दिवशी ते लिफ्टमध्ये कसंबसं शिरलं, पण त्याच्या फांद्या बटणांवर टेकल्या आणि एकदम सगळी बटणं पेटली. त्यामुळे लिफ्ट आधी वर गेली आणि मग प्रत्येक मजल्यावर थांबत खाली आली. दर वेळी दार उघडे. आत, फांद्यांमधून डोकं काढून, गळतीसाहेब उभे. बाहेर कुणीतरी शेजारी. तो झाडाकडे बघून एक सल्ला देई आणि दार बंद होई. तळमजला येईपर्यंत साहेब इतके सुशिक्षित झाले होते की त्यांना घाम फुटला.

तळ्यावर अर्धी इमारत जमली. सासूबाई आपल्या जागी स्टूल टाकून, काठी मांडीवर घेऊन बसल्या. तळ्याच्या रखवालदाराने आपली छोटी होडी काढली. तिच्यात रखवालदार, झाड आणि गळतीसाहेब असे तिघं बसले. साहेबांना पोहता येत नव्हतं. पाण्याशी त्यांचा जन्मभराचा संबंध काय तो त्याला बाहेर ठेवण्यापुरता.

जागा आली. साहेबांनी झाडाला मनोमन निरोप दिला आणि ढकललं. बादली 'डुबुक' करून गेली, फांद्या गेल्या, सगळं दिसेनासं झालं. काठावर टाळ्या पडल्या. टाळ्या संपायच्या आत झाड परत वर आलं. बादली खाली, फांद्या वर, असं ताठ उभं राहिलं आणि वाऱ्याबरोबर हळूहळू चालायला लागलं.

आपल्या हातचं काम निर्दोष असल्याचं असं दुःख साहेबांना पूर्वी कधी झालं नव्हतं. प्रत्येक फांदीत हवा गच्च भरलेली होती आणि ती बाहेर पडायला त्यांनी सुईच्या अग्राएवढीही जागा ठेवली नव्हती.

"दाबा साहेब, वल्ह्याने दाबा!" रखवालदार ओरडला. साहेबांनी वल्हं घेऊन दाबलं. वल्हं फांद्यांत अडकलं आणि झाड ते घेऊन निघालं. साहेबांनी वल्हं सोडलं नाही. कंपनीच्या वस्तू सांभाळायची सवय, दुसरं काय. पुढच्या क्षणी होडीत फक्त रखवालदार होता. एका वल्ह्यावर होडी जागच्या जागी गोल गोल फिरू लागली. आणि गळतीसाहेब झाडाच्या खोडाला मिठी मारून, मानेपर्यंत पाण्यात, तळ्याच्या मध्याकडे चालले होते.

"आई गं!" बायको किंचाळली. "अहो, धरून ठेवा!"

ही सूचना अनावश्यक होती. पोस्टमास्तर काठावरून म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, फांद्या जास्त झाल्या."

सासूबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला, काठी मागे नेली आणि गळ फेकला. तो साहेबांच्या डोक्यावरून जाऊन पलीकडच्या फांदीत अडकला. दोरी ताणली गेली.

"आई, ओढ लवकर!" लेक म्हणाली.

"ओढायचं नसतं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "ओढलं की दोरी तुटते. थोडं जाऊ द्यायचं, दमू द्यायचं, मग आणायचं." आणि त्यांनी आणलं. कधी रीळ फिरवत, कधी सैल सोडत, दोन पावलं डावीकडे, एक पाऊल उजवीकडे, असं करत त्यांनी आपला जावई झाडासकट काठाला लावला. सगळ्या मोसमात त्यांना लागलेलं हे पहिलंच काही.

काठावर हसण्याची लाट उठली. पोस्टमास्तर तर कठडा नसल्यामुळे पडता पडता वाचले. गळतीसाहेब चिखलात बसले होते. अंगावरून पाणी ओघळत होतं आणि त्याला थांबवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. एवढी मानहानी त्यांनी उभ्या जन्मात सोसली नव्हती.

तेव्हा सासूबाई पोस्टमास्तरांकडे वळल्या. "तुम्ही एवढे सल्ले दिलेत, त्यातला एक तरी तरंगतोय का? यांनी केलेलं झाड माणसाला घेऊन तरंगलं. माणूस वाचला त्याने." मग शेवाळ लागलेली एक टोपी पदराने पुसत म्हणाल्या, "काय घट्ट बसवलंय! असं काम मी पाहिलं नाही."

हसणं थांबलं. साहेबांनी वर पाहिलं.

"आई, तुम्ही तर भोकांचं सांगितलं होतं. मग परत का नाही बोललात?"

"एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला आले, तर तुम्ही टोप्या बसवत होता. इतकं मन लावून कुणी काही करत असलं की मध्ये बोलवत नाही, जावईबापू." मग त्यांनी साहेबांच्या पिशवीतलं बॅटरीवरचं ड्रिल काढून त्यांच्या हातात दिलं. "आता पाडा."

गळतीसाहेबांनी ड्रिल धरलं. पहिल्या भोकाआधी त्यांनी त्या फांदीची माफी मागितली. दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. मग मात्र ते भानावर आले, आणि भोकं पाडायचीच तर ती नीट, एका ओळीत, सारख्या अंतरावर पाडायची म्हणून त्यांनी बायकोच्या पर्समधून मोजपट्टी मागवली. रखवालदार तोवर हाताने पाणी मारत परत आला होता. होडी पुन्हा निघाली. या वेळी झाड पाण्यात गेलं, त्याने फांदीफांदीतून बुडबुडे सोडले, सावकाश मान खाली घातली आणि ते दिसेनासं झालं. पाणी सपाट झालं. बराच वेळ कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागचा अनुभव ताजा होता.

पण झाड लावलं म्हणजे पाहुणे लगेच येतात असं नाही. सासूबाई रोज जात. बूच हलत नसे. पोस्टमास्तर जिन्यात भेटले की विचारत, "लागला का काही, जावयाव्यतिरिक्त?" गळतीसाहेबांनी जिना सोडला आणि लिफ्ट धरली. रात्री जेवताना त्यांचं लक्ष सारखं माळ्याच्या दाराकडे जाई. सासूबाई मात्र त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या, आणि त्यानेच साहेबांचा जीव जास्त खाली-वर होत होता.

मोसमाचा शेवटचा दिवस आला. त्यानंतर माशांच्या विणीसाठी तळं बंद. गळतीसाहेबांनी रजा टाकली आणि सासूबाईंच्या शेजारी उकिडवे बसून राहिले. नवी बादली उपडी घालून तिच्यावर बायको बसली. उन्हं वर आली, कलली. कार्यालयाचे साहेब तळं बंद झाल्याची पाटी घेऊन आले आणि पाटी रोवून झाल्यावर त्यांना वृक्षारोपण आठवलं.

"कुठाय झाड?"

गळतीसाहेबांनी पाण्याकडे बोट दाखवलं.

"दिसत नाही."

"बुडवलंय साहेब. तेच तर काम होतं."

"ते ठीक. पण जिवंत आहे कशावरून? पालवी नाही, वाढ नाही. मी शेरा काय मारू?" साहेब खरोखरच अडचणीत होते. "काढायलाच लागेल असं दिसतंय."

गळतीसाहेब उठून उभे राहिले. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई मात्र दोघांकडेही बघत नव्हत्या. त्या बुचाकडे बघत होत्या, आणि बूच नव्हतं.

काठी वाकली. सासूबाई उठल्या. पुन्हा तेच, थोडं जाऊ द्यायचं, दमू द्यायचं, दोन पावलं इकडे, एक तिकडे. आणि मग पाण्यातून एक मासा वर आला, चांगला वीतभर, पाठीला हिरवट, पोटाला रुपेरी, उन्हात अंग झटकत. सासूबाईंनी तो ओल्या हाताने अलगद धरला आणि कार्यालयाच्या साहेबांच्या नाकासमोर नेला.

"झाडाला फळ धरलंय," त्या म्हणाल्या. "लिहा."

साहेबांनी एकदा माशाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं आणि निमूटपणे लिहिलं. भूगोलाच्या बाईंच्या आवाजात 'लिहा' म्हटल्यावर कोण लिहिणार नाही?

सासूबाईंनी मासा परत पाण्यात सोडला. तो झाड होतं त्याच दिशेने गेला. "आत्ताशी राहायला आलाय," त्या म्हणाल्या, "इतक्यात उठवायला नको." त्यांचा आवाज थोडा ओला झाला होता. बायकोने तोंड फिरवलं. गळतीसाहेबांनी ते केलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून सरळ पाणी आलं, सगळ्यांच्या देखत, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

"बरं आहे," सासूबाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या. "बरं आहे, जावईबापू."

मग त्यांनी गळाला नवं आमिष लावलं, पाण्यात टाकलं आणि काठी जावयाच्या हातात दिली. सासऱ्यांच्या मागे त्या काठीला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. गळतीसाहेबांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली, मुठीजवळची गुंडाळलेली दोरी थोडी सुटलीय असं त्यांना दिसलं, आणि एक हात लगेच खिशातल्या चिकटपट्टीकडे गेला.

"अंहं," सासूबाई स्टुलावर टेकत म्हणाल्या. "आता नुसतं बसायचं. काहीही दुरुस्त करायचं नाही."